लिनो सिकेराचा गोल

एलिओ पाशेकोंच्या हाताखाली मी एकोणतीस हंगाम काढले. टिल्सन हायस्कूलमध्ये मी गणित शिकवायचो आणि सॉकरमधलं मला काडीचंही कळत नव्हतं. शाळेला दुय्यम कोच हवा होता. मुख्याध्यापकांनी मला विचारलं आणि मला नाही म्हणता आलं नाही. पहिल्याच दिवशी पाशेकोंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. खिशातून खारवलेले पिवळे दाणे काढून तोंडात टाकले, सालं थुंकली आणि म्हणाले, "मास्तर, तुला मोजता येतं ना? मग बसमध्ये चढताना पोरं मोज, उतरताना मोज. बाकीचं मी बघतो."

तेव्हापासून मी सगळ्यांचा मास्तर झालो आणि ते सगळ्या गावाचे कोच. 'कोच' म्हटलं की आमच्या गावात, फॉल रिव्हरमध्ये, दुसरा माणूस कुणाला आठवत नसे.

त्यांचे वडील कापडगिरणीत होते आणि गिरणीच्या संघातून खेळायचे. कोच स्वतः उत्तम खेळायचे म्हणतात, पण विसाव्या वर्षी गुडघा गेला. पंचविसाव्या वर्षी त्यांनी टिल्सनचा संघ हातात घेतला. पोरं बहुतेक पोर्तुगीज, थोडी पोलिश, थोडी आमच्यासारखी फ्रेंच-कॅनडियन. आईबाप पडद्यांच्या, शर्टांच्या कारखान्यांत. शाळेचं मैदान उताराचं, एका कोपऱ्यात कायम पाणी साचलेलं. त्या मैदानावर त्यांनी तेरा वर्षं घासली. संघ चांगला होता, पण राज्याचं अजिंक्यपद काही हाती लागत नव्हतं. दोनदा सेमीफायनलमध्ये हरले, एकदा फायनलमध्ये. सत्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात शाळा-समितीतल्या एका गृहस्थांनी उघडच म्हटलं की पाशेको माणूस भला आहे, पण जिंकणं त्याच्या हातून व्हायचं नाही. ते कोचच्या कानावर गेलं. त्या वर्षी सराव एक आठवडा आधी सुरू झाला.

त्याच वर्षी लिनो सिकेरा शेवटच्या वर्गात होता. उंच, हडकुळा, जरा बुजरा. त्याची आई फिलोमेना अझोर्स या पोर्तुगीज बेटांवरची, कोचच्या आईच्याच गावची. नवरा मासेमारीच्या बोटीवर गेला तो परत आला नव्हता. ती पडद्यांच्या कारखान्यात शिलाईयंत्रावर बसायची. लिनो वर्गात माझ्याकडे होता. गणितात बेताचाच, पण हवेतला चेंडू कुठे येऊन पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचं. धावत येऊन उडी मारायचा आणि एक क्षण हवेत थांबल्यासारखा वाटायचा. त्या हंगामात त्याने बावीस गोल केले, त्यातले चौदा डोक्याने. कनेक्टिकटमधल्या एका विद्यापीठाची त्याच्यावर नजर होती. शिकायचा, राहायचा, जेवायचा सगळा खर्च ते देणार होते.

सेमीफायनल मंगळवारी होती, वुस्टरला. आम्ही जिंकलो, पण शेवटच्या दहा मिनिटांत लिनो आणि त्यांचा गोलकीपर एकाच चेंडूसाठी हवेत उडाले आणि गोलकीपरची मूठ लिनोच्या कानशिलावर बसली. तो पडला. उठला. पंचांनी विचारलं, त्याने ठीक आहे म्हणून मान हलवली. सामना संपेपर्यंत तो खेळला.

परतताना बसमध्ये पोरं गात होती. मी मोजत मोजत मागच्या बाकापर्यंत गेलो तर लिनो पुढे वाकून बसलेला. पायाशी ओकारी. कुणाच्या तरी जर्सीने ती पुसलेली होती. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला की काही नाही, संत्रं बाधलं. मग माझी बाही धरून हळूच म्हणाला, "मास्तर, कोचना सांगू नका. शनिवारी कनेक्टिकटचा माणूस येणार आहे."

मी सांगितलं. पुढे जाऊन कोचच्या शेजारी बसलो आणि हळू आवाजात सांगितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"दोनदा म्हणतो."

त्यांनी खिडकीची काच हाताने पुसली. मग म्हणाले, "डिझेलचा वास सोसत नाही काही पोरांना. तू आणखी कुणाला बोललास?"

"नाही."

"मग राहू दे."

खरं सांगतो, मला त्या वेळी सुटल्यासारखं झालं. मी माझं काम केलं होतं, आता ते त्यांच्याकडे गेलं होतं. मी जागेवर जाऊन बसलो आणि थोड्या वेळाने पोरांबरोबर गाऊही लागलो.

शनिवारी कडाक्याची थंडी होती. गिरण्यांच्या बाजूची निम्मी वस्ती बसगाड्या करून फायनलला आली होती. बायका थर्मासमधून कोबीचं सूप ओतून देत होत्या. लिनो पूर्वार्धात कुठे दिसलाच नाही. दोनदा चेंडू त्याच्या पायाखालून गेला. मध्यंतरात मी कोचकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सामना संपायला सहा मिनिटं उरली असताना उजवीकडून उंच चेंडू आला. लिनो धावला, उडाला आणि डोक्याला लागून चेंडू जाळीत गेला. आजही गावातल्या कोणत्याही पोर्तुगीज क्लबात जा, म्हातारे तो गोल टेबलावर बाटल्या मांडून समजावून सांगतील.

सगळे त्याच्या अंगावर पडले. एकेक करून उठले. लिनो उठला नाही.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. प्रॉव्हिडन्सच्या इस्पितळात त्याच रात्री कवटी उघडली. डॉक्टर म्हणाले, डोक्याला आधी मार बसलेला असेल आणि तो भरून यायच्या आत पुन्हा लागलं तर असं होतं. आधी काही झालं होतं का? सेमीफायनलमधली मूठ सगळ्यांनी पाहिली होती, ती सांगितली गेली. पण नंतर काही त्रास दिसला होता का, असं विचारलं तेव्हा कोच म्हणाले, "नाही." मी त्यांच्या मागेच उभा होतो.

लिनो फेब्रुवारीत घरी आला. डावा पाय ओढत चालायचा. बोलायचा, पण शब्द शोधत. सकाळी सांगितलेलं दुपारी विसरायचा. तो गोल तर त्याला कधीच आठवला नाही. लोक सांगायचे, तो नम्रपणे ऐकून घ्यायचा, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकावी तसा.

टिल्सनचं ते पहिलं अजिंक्यपद. त्यानंतर आठ आले. एकदा धरण फुटलं म्हणजे कसं होतं तसं झालं. गावोगावची चांगली पोरं आमच्या हद्दीत भाड्याने घर घेऊन राहायला लागली. वर्तमानपत्रं पाशेकोंची शिस्त, पाशेकोंची दृष्टी असं काय काय लिहायची. सहाशेच्या वर सामने जिंकले त्यांनी. पण सत्याऐंशीनंतर मी त्यांना जिंकल्यावर हात वर करताना पाहिलं नाही. शिट्टी वाजली की ते समोरच्या कोचशी हस्तांदोलन करायचे आणि बसमध्ये जाऊन बसायचे. लोक म्हणायचे, काय विनय आहे माणसाचा.

दर रविवारी प्रार्थना आटोपली की ते फिलोमेनाच्या घरी जायचे. लिनोला त्यांनी शाळेत काम लावून दिलं, मैदानावर पांढऱ्या रेघा मारायचं, जाळ्या बांधायचं, चेंडूत हवा भरायचं. त्यासाठी मुख्याध्यापकांशी भांडले. पोरांना ताकीद होती: लिनोला कुणी हसलं तर त्या क्षणी संघाबाहेर. दोनदा विद्यापीठांनी त्यांना बोलावलं, मोठी नोकरी, मोठं मैदान. दोन्ही वेळा ते नाही म्हणाले. गावाने याला निष्ठा म्हटलं. मी त्यांना एकदाच विचारलं, का नाही गेलात? ते म्हणाले, "रेघा कोण मारून घेणार त्याच्याकडून?" बसचा विषय आम्ही सव्वीस वर्षांत एकदाही काढला नाही. एकमेकांच्या शेजारी हजार वेळा बसलो असू.

पुढे डोक्याच्या माराबद्दल कायदा आला. दरवर्षी ऑगस्टमध्ये कोचना वर्गात बसवून चित्रफीत दाखवायचे: मार लागल्यावर उलटी झाली, उजेड सोसेना, तोल गेला, तर खेळाडूला ताबडतोब बाहेर काढा. पहिल्या वर्षी ती चित्रफीत सुरू झाली आणि 'उलटी' हा शब्द आला तसे कोच उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेलो. ते गाडीत बसले होते, इंजिन बंद, दोन्ही हात स्टीअरिंगवर. मी दार उघडलं नाही.

दोन हजार तेरा साली त्यांनी जाहीर केलं की हा आपला चाळिसावा हंगाम आणि शेवटचा. तो आम्ही उपांत्यपूर्व फेरीत हरलो. गावाने मोठा समारंभ ठरवला. मैदानाला त्यांचं नाव द्यायचं, जुने खेळाडू येणार, बिशप येणार. समारंभाला आठवडा असताना ते माझ्या घरी आले.

"मास्तर, कोट घाल. फिलोमेनाकडे जायचंय."

"आज तर गुरुवार आहे."

"माहीत आहे. तिला सांगणार आहे मी. तू होतास तेव्हा, म्हणून तू चल."

मी म्हटलं, आता कशाला, ती म्हातारी झाली आहे, तिला आणखी का दुखवायचं. ते म्हणाले, लोक त्यांच्या नावाची पाटी लावणार आहेत, आणि पाटीखालून ती बाई रोज पोराचा डबा घेऊन जाणार. ते त्यांना सोसवत नव्हतं.

फिलोमेना दुसऱ्या मजल्यावर राहायची. जिना अरुंद, कोचचा गुडघा दर पायरीला कुरकुरायचा. लिनो मैदानावर होता. तिने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ठेवली, कालचे मालासादा, म्हणजे साखरेत घोळवलेले तळलेले गोड वडे, गरम केले. गुरुवारी का आलात, असं विचारलं नाही.

कोचनी सगळं सांगितलं. बस, ओकारी, मी त्यांना सांगितलेलं, त्यांनी डिझेलवर ढकललेलं, डॉक्टरांपुढे बोललेलं खोटं. आवाज कुठेही चढला नाही. मी टेबलावरच्या मेणकापडाच्या फुलांकडे बघत होतो.

फिलोमेनाने गॅस बारीक केला आणि बसली.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं, दोना फिलोमेना." कोच तिला नेहमी आदराने 'दोना' म्हणायचे.

"मग आता माझं ऐक, एलिओ. शनिवारी सकाळी तो इथेच बसला होता, मास्तर बसलेत त्या खुर्चीवर. म्हणाला, आई, दिवा बंद कर, डोळ्यांत टोचतो. मग वाकून बुटाची नाडी बांधायला गेला तर हात भलतीकडेच जायला लागला. नाडी सापडेना त्याला. सतरा वर्षांचा मुलगा." ती म्हणाली. "मी खाली बसले आणि त्याचे बूट बांधून दिले."

तिने मेणकापडावर सांडलेली साखर हाताने गोळा केली.

"कारखान्यात माझ्या शेजारची बाई म्हणाली होती, त्या कनेक्टिकटवाल्याने सही केली की पोरगा सुटला. तेवढंच डोक्यात होतं. मी त्याला कॅमोमाइलच्या फुलांचा काढा पाजला आणि म्हटलं, जा, एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

कोचनी तिच्या हाताकडे हात नेला. तिने आपला हात मांडीवर घेतला.

"तुला ठाऊक होतं हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं," ती म्हणाली. "इस्पितळात तुझं तोंड पाहिलं तेव्हाच. नाहीतर दर रविवारी कोण येतं?"

"मग बोलला का नाहीत कधी?"

"बोलले असते तर तुला हलकं वाटलं असतं. हलकं वाटलं असतं तर तू यायचा थांबला असतास. लिनोला काम कोणी दिलं असतं? मला तू हवा होतास, एलिओ, आणि असाच हवा होतास."

कोचनी मान खाली घातली. मग म्हणाले की समारंभात ते हे सगळ्यांसमोर सांगणार आहेत, फक्त स्वतःपुरतं. तिने नकाराची मान हलवली. "तू बोललास की लोक माझ्याकडे बघतील. सकाळी घरातून कुणी पाठवला, विचारतील. तुझं ओझं तू इथे ठेवून जायला आलास, पण माझ्याकडे जागा नाही. तुझं तुझ्याजवळ ठेव. मी माझं ठेवलंय ना?"

मग ती उठली आणि मालासादा कागदात बांधून दिले, नेहमीसारखे.

परतताना गाडी कोचच चालवत होते. पुलाशी लाल दिव्याला थांबलो तेव्हा म्हणाले, "आपण तिघं होतो, मास्तर. तिघांपैकी एकानं जरी..." दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीने भोंगा वाजवला तरी ते काही क्षण तसेच बसून राहिले.

समारंभ झाला. पाटी लागली. कोच दोन मिनिटं बोलले, आभार मानले, बसले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. फिलोमेना तिसऱ्या रांगेत काळ्या कपड्यात बसली होती, तीही वाजवत होती.

दोन वर्षांनी शहराने त्या मैदानावर कृत्रिम गवत टाकलं. रेघा गवतातच विणलेल्या आल्या, कायमच्या. लिनोचं काम गेलं. कोच नगरपालिकेत चार वेळा गेले, नव्या मुख्याध्यापकांना भेटले. सगळ्यांनी त्यांना कॉफी दिली, त्यांच्याबरोबर फोटो काढले आणि सांगितलं की बघू. लिनोला काम गेल्याचं सांगितलेलं लक्षात राहायचं नाही. तो रोज सकाळी सातला फाटकाशी जाऊन उभा राहायचा. रखवालदार त्याला परत पाठवायचा. मग कोच स्वतः सातला तिथे जायला लागले, त्याला गाडीत घालून घरी सोडायचे. असं जवळजवळ एक वर्ष चाललं. पुढच्या मार्चमध्ये बर्फ काढताना कोचचं हृदय बंद पडलं. फिलोमेना त्यानंतर दीड वर्षाने गेली. लिनोला सरकारने टॉन्टनजवळच्या एका आश्रयगृहात ठेवलं.

फिलोमेना गेल्यावर मला वाटलं, आता बोलायला हरकत नाही. जिल्ह्यातल्या तरुण कोचसाठी ऑगस्टमध्ये वर्ग होता, तिथे मला चार शब्द बोलायला बोलावलं होतं. मी चित्रफितीऐवजी बसची हकिगत सांगितली. स्वतःसकट. फिलोमेनाचं नाव घेतलं नाही. दोन दिवसांत सगळ्या गावाला कळलं. बेकरीतली बाई माझ्याशी बोलेनाशी झाली. सत्याऐंशीच्या संघातल्या एकाने फोन करून म्हटलं, "कोच जिवंत असताना बोलायची हिंमत नव्हती का? आमच्याजवळ आयुष्यात एकच गोष्ट होती, मास्तर. तीही तुम्ही नासवलीत." त्याचं खोटं नव्हतं.

त्या आठवड्यात स्टॅन वोइचिक घरी आला. स्टॅन त्या संघाचा गोलकीपर आणि कर्णधार. नंतर अग्निशमन दलात गेला, तिथूनही आता निवृत्त. दारातच उभा राहिला, आत येईना. मला वाटलं, हाही भांडायला आला.

तो म्हणाला, "बसमध्ये मी त्याच्या शेजारी होतो. ती ओकारी मी पुसली होती, माझ्या जर्सीने. मागच्या सगळ्या पोरांना माहीत होतं. आम्ही ठरवलं होतं की कोचना कळू द्यायचं नाही, नाहीतर ते त्याला बसवतील."

मी त्याला आत ओढलं. तो खुर्चीवर बसला आणि इतका मोठा माणूस, पण हुंदक्यांनी त्याचे खांदे हलायला लागले. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, कोचना काहीच माहीत नव्हतं आणि सगळं त्याच्यामुळे झालं. मी इतकंच म्हटलं की तू ऐकलंस ते खरं आहे, कोचना माहीत होतं. त्याने त्याला बरं वाटलं की आणखी वाईट वाटलं, ते मला सांगता येणार नाही. त्यालाही बहुधा सांगता आलं नसतं.

आता महिन्यातून दोन रविवारी आम्ही दोघं टॉन्टनला जातो. लिनो पन्नाशीला आला आहे, केस पांढरे झालेत. स्टॅनला तो ओळखतो, मला कधी ओळखतो, कधी नाही. जेवणाच्या खोलीत टीव्हीवर सामना लागला असेल तर तो पाठ करून बसतो, प्रेक्षकांचा आवाज त्याला सोसत नाही. मागच्या खेपेला त्याने विचारलं, आई का येत नाही. स्टॅनने सांगितलं. तो रडला. तासाभराने त्याने पुन्हा तेच विचारलं, आणि स्टॅन माझ्याकडे बघायला लागला. मी लिनोला म्हटलं, बाहेर गार आहे, कोट घालून थोडं फिरून येऊ. तो उठला आणि आम्ही दोघांनी दोन बाजूंनी त्याला कोट घातला.